आज रोख, उद्या उधार!

एका सीझनमध्ये १६२ मॅचेस आणि त्यातल्या १२१ हरलेल्या. मध्येच सलग २१ पराभव. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल टीमने हा ‘पराक्रम’ केला. १९०१ पासूनच्या आधुनिक मेजर लीगमध्ये एका सीझनला इतक्या मॅचेस कुणीच हरलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, टीम वाईट होती, हरली. त्यात एवढं लिहिण्यासारखं काय?

तर खरी गोष्ट सीझन संपल्यावरची आहे. डिसेंबरमध्ये या टीमने आपला सर्वांत भारी पिचर गॅरेट क्रोशे ‘बोस्टन रेड सॉक्स’ला देऊन टाकला. बदल्यात चार पोरं घेतली. त्यांच्यापैकी कुणीच तोवर मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळलेलं नव्हतं. आपल्याकडे किराणा दुकानात पाटी असते ना, ‘आज रोख, उद्या उधार’? शिकागोने नेमकं उलटं केलं. माल आज दिला, किंमत उद्या वसूल होईल या भरवशावर.

हा ‘रीबिल्ड’ काय प्रकार आहे?

आपली टीम एवढ्यात जिंकणार नाही असं मॅनेजमेंटला वाटलं की अनुभवी खेळाडू जिंकायच्या घाईत असलेल्या टीम्सना द्यायचे आणि त्यांच्याकडून ‘प्रॉस्पेक्ट’ घ्यायचे. प्रॉस्पेक्ट म्हणजे मायनर लीगमध्ये तयार होत असलेला तरुण खेळाडू. बहुतेक जण तुमच्या-माझ्या वयाचे. मायनर लीग ही मेजर लीगखालची चार मुख्य पायऱ्यांची शिडी. वर किती जण पोचतील, याची खात्री कुणीच देत नाही.

आयपीएलमध्येही ट्रेड होतात, पण तिथे दर काही वर्षांनी मेगा ऑक्शन होतं आणि सगळ्यांचाच डाव नव्याने मांडला जातो. बेसबॉलमध्ये तसं नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा सीझन क्लबच्या ताब्यात असतो आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. आपल्याला आकडा मोठा वाटेल; पण बोस्टनने त्याच वर्षी क्रोशेशी केलेला नवा करार सहा वर्षांसाठी १७ कोटी डॉलरचा आहे. आता लक्षात आलं ना, मालकांना पोरं का आवडतात ते?

त्यात हरण्याची भीतीही कमी. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलात की खालच्या लीगमध्ये जावं लागतं. इथे तसं काही नाही. उलट हरणाऱ्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आधी नंबर मिळण्याची संधी.

जमलं तर जमलं!

ही आयडिया मूर्खपणाची नाही, हे आधी मान्य करू. ‘ह्यूस्टन ॲस्ट्रोज’ २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं शंभरपेक्षा जास्त मॅचेस हरले आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. (त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाचा डाग लागला, ते वेगळं.) ‘शिकागो कब्ज’ने २०१२ मध्ये १०१ मॅचेस हरून २०१६ मध्ये १०८ वर्षांचा दुष्काळ संपवला. तेव्हापासून रीबिल्ड म्हटलं की सगळे हीच दोन उदाहरणं देतात.

आणि जमलं नाही तर?

त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सनेही २०१६ च्या डिसेंबरमध्ये हेच सुरू केलं. स्टार पिचर क्रिस सेल बोस्टनला दिला आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक आणले. दुसऱ्याच दिवशी ॲडम ईटनच्या बदल्यात लुकस जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ. पुढच्या जुलैमध्ये होझे किंतानाच्या बदल्यात एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ. सहा नावं, सगळी ‘उद्याची’.

उद्या आलाही. २०२० आणि २०२१ मध्ये टीम प्लेऑफला पोचली, पण दोन्ही वेळा पहिल्याच सिरीजमध्ये बाहेर पडली. मग घसरण. जिओलिटो आणि लोपेझ २०२३ मध्ये ट्रेड झाले. सीझ, कोपेक आणि हिमेनेझ २०२४ मध्ये. मोंकाडाचा करार सीझननंतर पुढे वाढवलाच नाही. सहाच्या सहा गेले. बदल्यात काय आलं? बहुतेक पुन्हा प्रॉस्पेक्टच! ज्या पोरांसाठी आधीचे स्टार दिले, तीच पोरं आता ‘अनुभवी खेळाडू’ म्हणून दुकानात मांडली गेली.

आणि क्रिस सेल? तो २०१८ मध्ये बोस्टनकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. २०२४ मध्ये, व्हाइट सॉक्स १२१ मॅचेस हरत असताना, ३५ वर्षांच्या सेलने अटलांटाकडून नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला.

क्रोशेच्या सौद्याचा निकाल लागायला अजून वेळ आहे. चारपैकी काइल टील आणि चेस माइड्रॉथ २०२५ मध्येच मेजर लीगमध्ये आले आणि टीमचे विजय ४१ वरून ६० झाले. सुधारणा आहेच. पण १०२ पराभवही आहेत, सलग तिसऱ्या वर्षी शंभरच्या पुढे. तिकडे क्रोशेने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट घेतले, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त.

बिल कोण भरतं?

माझ्या मते खरा मुद्दा हा आहे. रीबिल्डमध्ये पगाराचा खर्च कमी होतो, तो फायदा मालकाला आजच मिळतो. व्हाइट सॉक्सची सूत्रं १९८१ पासून जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहेत. मॅनेजमेंट बदललं, पोरं बदलली, मालक तेच. ‘थांबा, उद्या जिंकू’ हे ऐकायचं मात्र फॅन्सनी, तेही तिकीट काढून.

दुसरं बिल त्या पोरांचं. मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर पूर्वी वर्षाला ४,८०० डॉलर मिळायचे. खेळाडूंची युनियन झाल्यावर २०२३ च्या पहिल्या करारात ते १९,८०० झाले, सर्वांत वरच्या पायरीवर ३५,८००. कुठल्या शहरात राहायचं हे एका फोनवर ठरतं. बावीसाव्या वर्षी ‘तुझ्यात पोटेन्शिअल आहे’ हे वाक्य आम्हा इंटर्न मंडळींनाही पाठ असतं. ऐकायला छान वाटतं, पण त्यावर घरभाडं भरता येत नाही.

लीगलाही हे कळतंय. २०२३ पासून ड्राफ्टच्या पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी असते आणि मोठ्या कमाईच्या टीमला सलग दोन वर्षं तिचा फायदा मिळत नाही. म्हणूनच १२१ मॅचेस हरूनही व्हाइट सॉक्सला २०२५ मध्ये दहावाच नंबर मिळाला. पण ड्राफ्टचं आमिष काढलं तरी पगार वाचवण्याचं आमिष उरतंच. लीग आणि मेजर लीगच्या खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. पैशांचं वाटप हाच तिथला मोठा वाद असणार. हरणाऱ्या टीमने पगारावर किमान किती खर्च करायचा, याचा नियम तिथे आला, तर फॅन्सच्या हाती निदान काहीतरी लागेल.

तोवर कुठल्याही टीमने ‘आम्ही भविष्य घडवतोय’ असं सांगितलं, तर तुम्ही एक करा. आज आलेल्या पोरांची नावं लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तो कागद काढून बघा, त्यातली किती जण अजून तिथेच आहेत. व्हाइट सॉक्सच्या फॅनकडे असा एक कागद आहे. त्यावरची सहाही नावं खोडलेली आहेत.