खोकल्याची बाजू

टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माणसाने आवाजाबद्दल तक्रार करू नये. तलावपाळीवरच्या बदकाने पाणी ओले आहे म्हणून कुरकुर करण्यातला तो प्रकार होईल. १९७८ साली आनंद दिघे यांनी इथे नवरात्रोत्सव सुरू केला, तेव्हापासून गर्दी आणि गलका या दोन्हींत आमची हयात गेली. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच कायद्याची मर्यादा आहे म्हणे. आमच्याकडे मिक्सरमध्ये चटणी वाटली तरी कायदेभंग होतो.

म्हणून भाच्याने आमच्या बैठकीच्या खोलीत 'स्लेअर' नावाचा बँड लावला, तेव्हा मी दचकलो नाही. दचकले ते भावोजी. अंघोळ अर्धवट टाकून, पंचा सावरीत ते बाहेर आले आणि ओरडले, "अरे, गॅस बंद करा आधी!"

"बाबा, हा लाइव्ह अल्बम आहे," भाचा शांतपणे म्हणाला.

ही मंडळी कॅलिफोर्नियाची. १९८१ साली बँड काढला. थ्रॅश मेटल म्हणतात या संगीताला. १९९१ मध्ये त्यांनी आपल्या मैफलींच्या मुद्रणाचा दोन तबकड्यांचा संच काढला. त्याचे नाव आधी 'डिकेड ऑफ डेकेडन्स' ठरले होते, पण तेच नाव दुसऱ्या एका बँडने उचलले, तेव्हा यांनी 'डिकेड ऑफ अ‍ॅग्रेशन' केले. गाण्यागाण्यांत मान गदागदा हलवायची ही त्यांची रीत. परिणामी २०१० साली गायक टॉम अराया यांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. हे ऐकताच भावोजींचा हात आपल्या मानेच्या पट्ट्याकडे गेला. त्यांनी तो पट्टा तीस वर्षे लोकलमध्ये उभ्याने डुलक्या घेऊन मिळवला आहे. पुढे २०१९ मध्ये या बँडने निरोपाचा कार्यक्रम केला आणि २०२४ मध्ये ते परत आले. निरोपाचे प्रयोग लावून पुन्हा तोंडाला रंग फासण्याचा मक्ता मराठी रंगभूमीकडे एकटीकडे नाही, हे कळून मला बरे वाटले.

पण वाद पेटला तो निराळ्याच कारणाने. आमच्या घरी एक कॅसेट आहे. १९८३ च्या गणपतीत बाबांनी वाड्यात नाट्यपद म्हटले, ते कुणाच्या तरी उसन्या टेपरेकॉर्डरवर धरलेले. तीत पेटी आहे, "पंखा लावा रे" आहे, बसचा हॉर्न आहे, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी आईचा खणखणीत खोकला आहे. भाचा ती कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून देणार होता. भावोजींनी सूचना मांडली : "आता खोकला काढून टाकता येतो. सूरसुद्धा सरळ करता येतात. स्वच्छ करून घे."

"मग त्याला लाइव्ह कशाला म्हणायचं?" स्लेअरचा भक्त म्हणाला.

आणि या एका प्रश्नावर मी भाच्याच्या पक्षात गेलो. त्याचे संगीत मला आजही कळत नाही. एक गाणे संपून दुसरे सुरू झाले हे मला फक्त टाळ्यांवरून समजते. पण त्या मुद्रणात मागाहून काही चिकटवलेले नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि त्या ख्यातीचा या पोराला अभिमान आहे. साऱ्यांचेच हात इतके स्वच्छ नसतात. 'जुडास प्रीस्ट' या बँडचा १९७९ चा टोकियोतला थेट अल्बम 'अनलीश्ड इन द ईस्ट'. त्यातले गायन नंतर स्टुडिओत पुन्हा म्हटल्याचे गायकानेच पुढे कबूल केले. चाहत्यांनी तर त्याचे बारसेच केले : 'अनलीश्ड इन द स्टुडिओ'!

भावोजींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गाणे गाण्यासाठी ऐकायचे, खोकल्यासाठी नव्हे. कबूल. स्टुडिओतले गाणे खुशाल दहा वेळा घासा, पुसा, पाकात बुडवा. जुन्या ७८ च्या तबकडीवर साडेतीन मिनिटांत राग बसवणाऱ्या थोरांनी तरी दुसरे काय केले? पण एकदा वर 'थेट' असे लिहिले की ती साक्ष झाली. मागाहून साक्षीत शब्द घुसडणाऱ्याला इथून जवळच कोर्टनाक्यावर काय म्हणतात, ते कुठल्याही वकिलाला विचारा.

आमच्याच ठाण्याचे पं. राम मराठे घ्या. १९६३ च्या 'मंदारमाला'त ते आणि प्रसाद सावकार समोरासमोर गायला बसले की थिएटर 'वन्समोअर'ने दणाणायचे. त्या आरोळ्या गाळून नुसत्या ताना ठेवल्या, तर उरेल ती बिनमिठाची आमटी. दाद हा मैफलीचा अर्धा भाग आहे. त्यात खोकला, बाकाची करकर आणि भलत्या जागी आलेले 'वाहवा'ही आलेच.

आणि दुसरे एक नुकसान मोठे आहे. रोज पुसलेलेच गाणे कानावर पडले, की गाणे शिकणाऱ्या पोरीला वाटते, दम फक्त आपलाच तुटतो. बाकी जगाला श्वास घ्यावाच लागत नाही! ती पेटी बंद करते आणि माळ्यावर टाकते. साठीच्या गायकाला धाप लागते, ती ऐकू येऊ द्या. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? लाज वाटावी ती पुसणाऱ्याला.

शेवटी तडजोड झाली. भाच्याने दोन प्रती केल्या : मूळ माझ्यासाठी, स्वच्छ भावोजींसाठी. रविवारी जेवणानंतर भावोजींनी मोठ्या ऐटीने आपली प्रत लावली. पंखा गेला, हॉर्न गेला, खोकला गेला. ताई पानाला चुना लावता लावता थांबली.

"आईचा खोकला कुठाय?"

"काढला. आता कसं निर्मळ वाटतंय!" भावोजी म्हणाले.

"अहो, तो खोकला नव्हताच. बाबा दर वर्षी तिथेच अंतरा विसरायचे. आई खोकली की त्यांना आठवायचा."

भाच्याने मूळ प्रत लावली. बाबा थबकतात, आई खोकते, आणि दुसऱ्याच क्षणी अंतरा झोकात उचलला जातो. एवढ्या वर्षांत हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

मी भावोजींकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. नुसते खोकले.