थकलेलें सैन्य

मोंगल-मराठा युद्धाचा निकाल मराठ्यांच्या शौर्यानें लागला, असें आपण शिकतों. तें खरेंच, परंतु आमच्या मतें त्यास दुसरेंही एक कारण होतें.

औरंगजेब १६८१ सालीं खानदेश सुभ्याच्या राजधानींत, बऱ्हाणपुरास आला, तो दिल्लीस परत गेलाच नाहीं. १७०७ सालीं अहमदनगराजवळ वारला. पंचवीस वर्षें त्याचा शिपाई तंबूंत राहिला. पगार थकले, मुलें छावणींतच जन्मून मोठीं झालीं. १७०० सालीं साताऱ्यास मोंगलांच्याच सुरुंगाखालीं त्यांचे शेंकडों शिपाई गाडले गेले. पुढें तर विशाळगडासारखे किल्ले पैसे मोजून घेण्याची पाळी आली. बऱ्हाणपुरांत जन्मलेल्या भीमसेन सक्सेनानें मोंगलांच्याच चाकरींत राहून ही दैना पाहिली व लिहून ठेविली.

त्या शिपायांस धैर्याची वाण नव्हती, ‘हें कशासाठीं?’ या प्रश्नास उत्तर उरलें नव्हतें. माघारी फिरण्याचा सल्ला बादशहास रुचत नसे.

विद्यार्थ्यांनो, थकलेल्यास भेकड म्हणण्याची घाई करूं नका. उद्यां तुम्हांपैकीं कित्येकांच्या हातीं अधिकार येईल. तेव्हां हाताखालच्या माणसाचा हा प्रश्न आधीं ऐका. पालकांसही आमची हीच विनंती आहे, कारण घरांतील मुलेंही कधीं कधीं हेंच विचारीत असतात.