ताबूत थंडे झाले?

एखाद्या चळवळीचा जोर ओसरला की आपण सहज बोलून जातो, "झाले, ताबूत थंडे झाले!" मोहरमच्या अखेरीस ताबूत पाण्यात शिरविण्याला 'थंडे करणे' म्हणतात, त्यावरून हा वाक्प्रचार पडला. सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या एका वधाचा शोक ज्या मिरवणुकीमागे आहे, तिच्यातून आमच्या भाषेने काय उचलले, तर गलबला संपल्यानंतरची मरगळ! दोष भाषेचा नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आहे. आमच्या काटोलकडे, किंबहुना एकंदर वऱ्हाड-नागपूर प्रांतात, मोहरम म्हणजे अंगावर पट्टे रंगवून नाचणारे वाघ, नवसाने फकीर केलेली हिंदूंची पोरे आणि ढोलांचा दणदणाट, एवढेच बहुतेकांनी पाहिले. शिया समाज मूठभर, आणि ताबुतांभोवती जमणारे सुन्नी व हिंदू पुष्कळ. त्यामुळे जत्रा दिसली. शोक दिसला नाही.

म्हणूनच छाती पिटणाऱ्या शियांचे चित्र पाहून आमचे सुशिक्षित नाक मुरडतात. त्यांचे आक्षेप तीन आहेत. हा शोक दुबळेपणाचा आहे, हा पहिला. तो निव्वळ धर्माचा मामला आहे, राजकारणाशी त्याला कर्तव्य नाही, हा दुसरा. आणि कर्तव्य असलेच, तर त्यातून मुल्लांचे राज्य तेवढे निपजते, हा तिसरा. यांतले दुसरा व तिसरा परस्परांचे गळे धरतात, हे आक्षेपकांच्या ध्यानात येत नाही. असो, क्रमाने पाहू.

मूळ घटना काय होती? इ. स. ६८० मध्ये दमास्कसच्या गादीवर आलेल्या यजीदाने इमाम हुसेन यांच्याकडून बैअतची, म्हणजे निष्ठेच्या शपथेची, अपेक्षा केली. त्यांनी ती नाकारली. १० ऑक्टोबर रोजी करबलाच्या मैदानात, नदीचे पाणी तोडलेले असता, ते व त्यांचे सोबती मारले गेले. परंपरा ही संख्या बहात्तर सांगते. तलवारीच्या हिशेबाने यजीद जिंकला. पुढे बंदिवान करून त्याच्या दरबारात उभी केलेली हुसेनांची बहीण जैनब त्याला तोंडावर जाब विचारती झाली, आणि शियांच्या शोकाला तेथून वाचा फुटली, असे ते मानतात. हत्या विसरली जावी, ही मारणाऱ्याची पहिली गरज असते. मारणाऱ्याचे नाव घेऊन दरसाल रडणारा समाज ती गरज पुरी होऊ देत नाही. यात दुबळेपणा तो कोणता?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर राज्यकर्त्यांनीच देऊन ठेवले आहे. खलिफा मुतवक्किल याने ८५० च्या सुमारास हुसेनांची कबर जमीनदोस्त करवून तेथील यात्रा बंद पाडली. १९७७ मध्ये नजफहून करबलाकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंवर इराकच्या बाथ सरकारने सैन्य धाडले. आपल्या श्रीनगरातील मोहरमची जुन्या वाटेची मिरवणूक तीन दशकांहून अधिक काळ बंद राहिली. तिला परवानगी मिळाली २०२३ मध्ये. निव्वळ अश्रूंची इतकी धास्ती कोणी घेत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे; तो टाळून चालणार नाही. जानेवारी १९७८ मध्ये इराणातील कूम शहरी गोळीबार झाला. त्यात मेलेल्यांच्या चाळिसाव्याला तबरीज पेटले. तबरीजच्या मृतांच्या चाळिसाव्याला यज्द. डिसेंबरात आशूराच्या दिवशी लाखो लोक रस्त्यावर आले आणि पुढच्याच वर्षी शहाची सत्ता कोसळली. नंतर शोकसभेचे यजमानपद नव्या राज्यसत्तेनेच आपल्याकडे घेतले. ही युक्तीही नवी नव्हे. बगदादेत ९६३ मध्ये बुवैही सत्तेच्या आज्ञेनेच बाजार बंद ठेवून शोक झाला होता. सत्ता स्वतः छाती पिटू लागली, म्हणजे यजीद इतिहासात जमा होतो आणि आजचा यजीद कोण, हे विचारणे गुन्हा ठरते. पण २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, पोलिसांच्या ताब्यात असता मरण पावलेल्या महसा अमिनी हिच्या चाळिसाव्याला हजारो माणसे सक्केझच्या कबरस्तानाकडे चालत निघाली. ज्या सत्तेला चाळिसाव्यांनी गादीवर बसविले, तिलाच चाळिसाव्याचे भय वाटू लागले! मुल्लांचे राज्य शोकातून निपजले हे खरे; त्याला आव्हान पुन्हा शोकानेच दिले, हेही तितकेच खरे.

हे सारे परक्यांचे म्हणून दूर लोटता येत नाही. १८९४ मध्ये पुण्यात गणपतीचे मेळे निघाले, ते ताबुतांपुढील टोळ्यांच्या धर्तीवर. जमाव कसा उभारावा हे आम्ही मोहरमकडून शिकलो. शोक कसा धरावा हे शिकलो नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे बाबासाहेबांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होतात. तो शोकही आहे आणि समाजापुढे मांडलेला दावाही आहे. पण आमच्या दिवाणखान्यांतून उद्गार निघतो तो गर्दीचा आणि कचऱ्याचा. येथेही जत्राच दिसली!

आणि अगदी घराजवळचे पाहावयाचे तर, १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ यवतमाळकडील एका शेतकरी कुटुंबाचा, पती-पत्नी व चार मुलांसह, अंत झाला. त्यानंतर विदर्भातील अशा मरणांची गणती सरकारी कागदांवर होत राहिली. २०१७ पासून काही मंडळी दर १९ मार्चला अन्नत्याग करतात, आणि शेतकऱ्याला जखडणारे कायदे रद्द करा, असे मागतात. मृत्यूची तिथी पाळावयाची आणि त्याच तोंडाने त्या मृत्यूचा जाब विचारावयाचा, ही रीत करबलाचीच आहे. पाळणाऱ्यांना ते ठाऊक असो वा नसो. कापूस व संत्री पिकविणाऱ्या या मुलखात, त्याच पिकांच्या पैशावर शिकून पांढरपेशे झालेल्या घरांपैकी कितींना ही तिथी माहीत आहे?

येत्या १९ मार्चला आपल्या घरी चूल पेटावी की नाही, एवढे आधी ठरवावे; आणि मग शियांच्या छाती पिटण्यावर खुशाल अभिप्राय द्यावा.