वर्तनोपचारकाचे श्रम आणि समाजाचे ऋण

स्वमग्न मुलाबरोबर काम करणाऱ्या वर्तनोपचारकाचे काम दुरून पाहणाऱ्याला काम वाटतच नाही. एक प्रौढ माणूस जमिनीवर मुलासमोर बसतो आणि तहान लागली तर पेल्याकडे बोट दाखवावे, एवढे शिकवण्यात त्याचे आठवडे जातात. ती एक क्रिया तो लहान लहान पायऱ्यांत फोडतो, पायरी जमली की मुलाच्या आवडीचे काही देतो आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतो. मूल किंचाळू लागले, भिंतीवर डोके आपटू लागले, तर तो रागावत नाही. त्याआधी काय घडले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, याचा तो शोध घेतो. हे कुशल श्रम आहेत, आणि म्हणूनच त्यांचे मोल कोणी द्यायचे हा राजकीय प्रश्न आहे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोएन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक साधे सत्य मांडले. यंत्रामुळे कारखान्यातील उत्पादकता वाढते. पण चार वादकांनी वाजवायची रचना चौघांनाच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागते. उपचारकाचेही तसेच आहे. त्याचा तास आखडता येत नाही. अशा सेवेतून नफा काढायचा तर दोनच वाटा उरतात : शुल्क वाढवणे किंवा श्रम स्वस्त करणे.

अमेरिकेत या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये १९ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला ४० तास, दोन वा अधिक वर्षे उपचार मिळालेल्या या मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण शाळेच्या पहिल्या इयत्तेत यशस्वी झाले, असा त्यांचा दावा होता. मुलांची विभागणी यादृच्छिक नव्हती, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. तरीही पालकांनी लढून विम्याचे संरक्षण मिळवले. विम्याचा पैसा आला आणि त्यामागोमाग भांडवल आले. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने २०१८ मध्ये विकत घेतलेल्या एका मोठ्या उपचारसंस्थेने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्पूर्वी अनेक राज्यांतील तिची केंद्रे बंद झाली होती. मुलाजवळ प्रत्यक्ष बसणाऱ्या नोंदणीकृत तंत्रज्ञाला तिथे शालान्त शिक्षण, ४० तासांचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. लोव्हास यांच्या प्रयोगात मुलाला एका आठवड्यात मिळत तेवढ्याच तासांत इथे कामगार तयार होतो!

या उपचारपद्धतीवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो खुद्द स्वमग्न प्रौढांनीच घेतला आहे. प्रारंभीच्या काळात लोव्हास यांनी चापट आणि विजेचा धक्काही वापरला होता. ते मागे पडले, तरी 'नजरेला नजर दे', 'हात हलवू नको' असा हट्ट कोणाच्या सोयीसाठी, हा त्यांचा सवाल उरतोच. आज्ञाधारक मूल म्हणजे सुखी मूल नव्हे. ज्याला 'नको' म्हणता येऊ लागले, त्याचा उपचार सफल झाला असे मी मानतो. हिशेबाच्या तक्त्यात मात्र आज्ञापालन मोजणेच सोपे पडते.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. त्याच कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. उपचारांची खरी निकड त्याआधीची असते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे यांची तरतूद आहे. परंतु जिल्ह्याच्या गावी एक केंद्र असून पाड्यावरच्या शेतमजूर बाईला आठवड्यातून तीनदा मूल घेऊन तिथे जाता येईल काय? एका खेपेला तिची दिवसाची मजुरी बुडते. शहरात ज्यांना परवडते ते तासाचे पैसे मोजतात. इतरांच्या घरी आईच नोकरी सोडून बिनपगारी उपचारक होते.

मार्ग नाही असे नव्हे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण रीतसर शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. सामायिक लक्ष मात्र वाढले नाही. ज्ञान मूठभरांच्या दवाखान्यांत कोंडून ठेवण्याचे कारण नाही, एवढे यातून सिद्ध होते.

मात्र इथेच सावध राहिले पाहिजे. २००५ पासून आशांना 'स्वयंसेविका' म्हणवून कामागणिक मोबदल्यावर राबवले गेले. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना त्यासाठी संप करावा लागला. स्वमग्न मुलांचे काम याच पद्धतीने त्यांच्याच माथी मारले, तर ती समाजसेवेच्या नावाखाली केलेली पिळवणूक ठरेल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात : तालुका पातळीवर केंद्र, वेतनश्रेणीतील, प्रशिक्षित, कायम उपचारक, केंद्रावर येणाऱ्या पालकाला बुडालेल्या मजुरीची भरपाई, आणि देखरेख समितीत स्वमग्न प्रौढांना व पालकांना जागा. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातील केंद्रात जाऊन किती पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, एवढे जरी विचारले, तरी लढ्याचा आरंभ होईल. ज्या मुलाला अजून पाणी मागता येत नाही, त्याच्यासाठी मागणी करण्याचे काम आपले आहे.