अंगणातल्या दिव्याचे बटण

वारूळवाडीत 'ऑटो' म्हटले की कोणी रिक्षा शोधत नाही. विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी टांगलेल्या पेटीचे ते नाव. वीज आली की ठरलेल्या वेळाने ही पेटी आपणहून मोटर सुरू करते. 'स्मार्ट होम' हा शब्द गुळगुळीत जाहिरातींतून दिवाणखान्यात येण्याच्या कितीतरी आधी मीना नदीकाठच्या शेतकऱ्याने विजेवर नजर ठेवणारा हा बिनपगारी गडी ठेवला होता. आता फोनवरून लागणारे दिवे, चाहूल लागताच पेटणारे बल्ब, टाकी भरल्याचे कळवणारे सेन्सर घरोघर येऊ लागले आहेत. यातले काय घ्यावे आणि काय दुकानातच राहू द्यावे, याची अक्कल घराने शेताकडून घ्यावी असे माझे मत आहे.

ऑटो ही चैन कधीच नव्हती. शेतीपंपांना तीन फेज वीज पाळीने मिळत आली; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीची योजना राज्यात 2017 साली आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्याने दिवसाची वीज वाढली. पण रात्रपाळी सगळीकडची गेलेली नाही. आणि जुन्नर-आंबेगावात रात्री उसाच्या कडेने विहिरीवर जाणे म्हणजे काय, हे बाहेरच्यालाच सांगावे लागते. इथला बिबट्या उसात राहतो, तिथेच त्याची पिले वाढतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्धा गेली, तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. रात्री दोन वाजता अंथरुणातून न उठता मोटर सुरू करणारी पेटी कोणत्या गरजेतून आली, ते यावरून समजावे.

गरजेच्या वस्तूलाही खोड असतेच. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे. यामागचे गणित सोपे आहे. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण सात अँपिअर प्रवाह घेते, पण थेट सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट. एका डीपीवर अशा पंधरा मोटरी असल्या तर चालताना 105 अँपिअर झाले. 100 केव्हीएच्या डीपीची मजल सुमारे 133 अँपिअरची, म्हणजे एवढे त्याला झेपते. पण वीज आल्याबरोबर पंधराही ऑटोंनी एकाच क्षणी मोटरी सुरू केल्या, तर मागणी 600 च्या वर जाते. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे आहे. ठेवीदार रोज थोडेथोडे येतात तोवर तिजोरी पुरते. एका सकाळी सगळेच रांगेत उभे राहिले की भली बँकही हलते. इथे फ्यूज उडतात, कधी डीपीच जळतो, आणि नवा येईपर्यंत टोमॅटोची बाग माना टाकते.

उपाय त्या पेटीतच असतो. वीज आल्यानंतर किती वेळाने मोटर सुरू करायची, हे ठरवण्याची सोय बहुतेक ऑटोंत असते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून, तुझे एक मिनिट, माझी दोन, असे वाटून घेतले की काम भागते. मात्र त्यासाठी बांधावरून अबोला धरलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलावे लागते, आणि त्याचा सेन्सर अजून निघालेला नाही.

ऑटोच्या पुढची पायरी मोबाईल स्टार्टरची. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणाला 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले; पंपापर्यंत खेटे घालणाऱ्या आजोबांना पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगत आले आहेत. आता अशा पेट्या अनेकजण बनवतात. यांचा मला आवडणारा गुण असा की त्या नुसता हुकूम ऐकत नाहीत, उलट निरोपही देतात. वीज आली, एक फेज गेला, मोटर कोरडी चालत होती म्हणून बंद केली. मोटर कोरडी आहे हे विहिरीत न डोकावता कसे कळते? पाणी उचलले जात नसले की मोटरीवरचा भार घटतो, ती कमी प्रवाह घेते. पेटी तेवढेच पाहते. सेन्सर म्हणजे जादू नव्हे, एक साधी गोष्ट न कंटाळता पाहत राहणे.

अशी पेटी बंद पडली की माणसे ती उचलून थेट दुरुस्तीला नेतात. आधी आतले सिमकार्ड पाहावे. पूर्वी नुसते येणारे फोन घेणारे सिम दीर्घकाळ चालत राही. 2018 च्या अखेरीस मोबाईल कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, सुरुवात 35 रुपयांपासून झाली. तेव्हापासून रिचार्ज विसरला की विहिरीवरची पेटी मुकी. पेटी जुनी, टू-जीवर चालणारी असेल तर तिच्यात जिओचे सिम घालून उपयोग नाही, कारण जिओकडे टू-जी सेवाच नाही. सिम ठीक असेल तर मग सैल झालेले स्क्रू. सैल जोडात ठिणगी पडते आणि ठिणगीने जोड आणखी सैल होतो. जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महादुर्बीण आहे. विश्वातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऐकताना तिथल्या शास्त्रज्ञांना परिसरातल्या वीजतारांवरच्या ठिणग्यांची खरखर सतावते. ते ती खरखर शोधत फिरतात. आपण निदान आपला स्टार्टर उघडून पाहावा.

आता घराकडे येऊ. आमच्या वाडीत ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. मुलगा हडपसरला. त्याने मायेपोटी अंगणात फोनवरून चालणारे स्मार्ट बल्ब लावून दिले. रोज तिन्हीसांजेला तो पुण्यातून दिवा लावी आणि सकाळी मालवी. अशा बल्बाला वीज सतत लागते. भिंतीवरचे बटण बंद केले की बल्ब झोपतो आणि फोनला सापडत नाही. आजी सवयीने बटण बंद करत, मुलगा फोनवरून रागावे. शेवटी त्याने बटणावर चिकटपट्टी मारली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातले इंटरनेट गेले. दिवा लागला नाही. रात्री गोठ्याकडे खसफस झाली, कुत्रे केकाटत पायरीखाली शिरले. आजी कडी लावून पहाटेपर्यंत अंधारात बसून राहिल्या. सकाळी उकिरड्याशेजारी चिखलात पंजे उमटलेले होते. "भाऊ, बटणाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय पोरानं," त्या मला म्हणाल्या. "बंद केलं तर त्याला तिकडं दिसत नाही म्हणे." वीज होती, बल्ब चांगला होता, बटण हातभर अंतरावर होते. ते एकदा बंद करून पुन्हा चालू केले असते तर दिवा लागला असता.

मुलाशी मी फोनवर बोललो. पोरगा चांगला आहे. आईच्या काळजीने रोज संध्याकाळी आठवणीने दिवा लावणारी मुले किती असतात? "मग काका, काढूनच टाकू का सगळं?" त्याने विचारले. काढायचे कशाला? बल्ब साधा ठेवायचा आणि बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे बसणारे मॉड्यूल घ्यायचे. मग भिंतीवरचे बटण पूर्वीसारखे चालते, फोनही चालतो, आणि ज्याने शेवटी दाबले त्याचे खरे. बसवण्याचे काम मात्र वायरमनचे, मेन बंद करून. अशा मॉड्यूलला बहुधा न्यूट्रलची तार लागते. बोर्डावर प्लगची जागा असेल तर ती तिथे सापडते. नुसत्या बटणांच्या बोर्डात बरेचदा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतात, त्यामुळे बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणतो आणि घरात भुताच्या गोष्टी सुरू होतात.

अंगणासाठी मी तरी चाहूल ओळखणारा सेन्सर सुचवीन, तोही इंटरनेटशिवाय चालणारा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. हलणारी उष्णता ओळखतो. काचेपलीकडचे त्याला दिसत नाही, आणि मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली की तो मंदावतो. शेळी गेली तरी तो दिवा लावतो, मांजर गेले तरी लावतो. दिवाणखान्यात ही खोड ठरेल. अंगणात मला ती हवी आहे, कारण बिबट्याचेही अंग गरमच असते.

नवे उपकरण वायफायला जोडलेच जात नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते. बहुतेक स्वस्त उपकरणांना 2.4 गिगाहर्ट्‌झचेच वायफाय कळते आणि आपला फोन 5 गिगाहर्ट्‌झवर बसलेला असतो. राऊटरमध्ये दोघांना वेगवेगळी नावे दिली की गोंधळ मिटतो. आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा, एवढे पुरे.

हबविषयी मात्र थोडे सविस्तर. हब म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांचा हेडक्लार्क. प्रश्न असा की त्याचे दप्तर घरात आहे की साता समुद्रापलीकडच्या सर्व्हरवर? अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा हब सुमारे 300 डॉलरला विकला गेला. 2014 मध्ये गुगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये तिची सेवाच बंद केली. लोकांच्या घरातली चांगली चालणारी पेटी त्या दिवसापासून नुसता डबा झाली. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच ती विकत घेऊन पुन्हा चालू केली. कर्ज देताना आम्ही जामीनदार पाहत असू. हब घेताना तो घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवाचून चालतो का, हे पाहावे. 2022 मध्ये आलेले 'मॅटर' हे मानक याच दिशेचे आहे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे त्यामुळे एकमेकांशी घरच्या घरी बोलू शकतात. खोक्यावर त्याचे चिन्ह असते.

नारायणगावच्या बाजारात हल्ली माझ्याबरोबर कोणी ना कोणी अशा खरेदीला येते. मी दुकानदाराला एवढेच सांगतो, राऊटर बंद करा आणि मग चालवून दाखवा. परवा एकाने क्षणभर विचार केला, काउंटरवर मांडलेल्या चार डब्या उचलून परत फळीवर ठेवल्या आणि आतून पाचवी घेऊन आला.