विहिरीच्या दाखल्यावर सही कोणाची?



उत्तर चेन्नईतील तोंडियारपेटमध्ये २०१३ साली बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. भारत पेट्रोलियमची भूमिगत वाहिनी गळत होती. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, आयआयटी मद्रासचे तज्ज्ञही त्यात आले. वाहिनी बंद करता येते. जमिनीत मुरलेले तेल मात्र वर्षानुवर्षे निघत नाही. या वर्षांमध्ये देखरेख कोणी करायची, हा खरा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पुरात मणलीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून आलेला तवंग एन्नोरच्या खाडीत पसरला. काळवंडलेल्या होड्या देशाने पाहिल्या, लवादाने स्वतःहून दखल घेतली. विहिरीखालच्या तेलाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्यासाठी कायमची यंत्रणाच हवी.

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलके. ते भूजलाच्या माथ्यावर तरंगते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात पाणी वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते. त्याबरोबर तेलही वर-खाली होते आणि मातीच्या थरांना माखून राहते. एका महिन्यात नमुना स्वच्छ आला, तरी पुढच्या पावसानंतर तोच थर पुन्हा पाण्यात तेल सोडू शकतो. शिवाय वास गेला म्हणजे विष गेले असे नाही. पेट्रोलमधले बेन्झीन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतके कमी प्रमाण नाकाला कळत नाही, प्रयोगशाळेलाच कळते.

मग ती प्रयोगशाळा कोणाची? गळती ज्याची, त्यानेच सल्लागार नेमायचा, नमुने घ्यायचे आणि ‘काम पूर्ण’ असा अहवाल द्यायचा, ही पद्धत म्हणजे परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासण्यासारखी आहे. कंपनीकडे तज्ज्ञ आणि पैसा आहे, हे खरे. पैसा तिनेच द्यावा. पण तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा व्हावा आणि प्रयोगशाळा मंडळाने नेमावी.

अधिकार नाहीत, ही सबब चालणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात भूजलही येते. २०१० च्या हरित लवाद कायद्याने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व मान्य केले. प्रदूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही काढले. आता तीन गोष्टी व्हाव्यात. किमान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळ्यांच्या नोंदी मर्यादेत आल्याशिवाय सफाई संपली असे जाहीर करू नये. प्रत्येक निरीक्षण-विहिरीचे आकडे तमिळमध्ये प्रभाग कार्यालयात लावावेत. आणि तोवर बाधित घरांना पाणी कंपनीच्या खर्चाने मिळावे.

महाराष्ट्रातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. मुंबई–मनमाड इंधनवाहिनी ठाणे-नाशिकच्या शेतशिवारातून जाते. तिथेही शेजारी विहिरी आहेत. उद्या तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने ‘हे पाणी गुरांना पाजू का?’ असे विचारले, तर ‘हो’ म्हणून सही करणारा अधिकारी कोण, हे गळतीआधीच ठरलेले असावे.

– एक मराठी वाचक, चेन्नई