खाडीचे देणे, चंद्रपूरचे खाते

भद्रावतीच्या डोलारा तलावाच्या काठी उभे राहिलेल्या माणसाला मुंबईची खाडी आठवण्याचे काही कारण नाही. ती येथून सुमारे आठशे किलोमीटर दूर. तरीही त्या खाडीच्या हिशेबात आता या जिल्ह्याचे नाव आले आहे.

वर्सोवा ते भाईंदर या सागरी रस्त्यासाठी 45 हजारांहून अधिक तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये परवानगी दिली. त्याबदल्यात तिपटीने तिवरे अन्यत्र लावायची आहेत. आणि वनजमिनीची भरपाई म्हणून सुमारे 103 हेक्टरांवर वनीकरण व्हायचे आहे ते चंद्रपूर जिल्ह्यात!

कागदावर हिशेब चोख आहे. पण जंगल म्हणजे का केवळ हेक्टर? तिवर भरतीच्या खाऱ्या पाण्यात जगते, चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेते. त्या मुळांच्या जाळ्यात मासळी वाढते, गाळ धरला जातो, लाटांचा जोर मोडतो. 2018 मध्ये याच न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला होता. चंद्रपूरचा साग कितीही डेरेदार वाढला, तरी वर्सोव्याच्या कोळ्याच्या जाळ्यात त्यामुळे एक मासा येणार नाही.

खाडीकाठच्या लागवडीचेही तसेच. रोपे खोचली म्हणजे कांदळवन होत नाही. भरतीचे पाणी कुठवर येते, बांधाने वा भरावाने ते कुठे अडले, हे आधी पाहावे लागते. वाट मोकळी झाली, तर पाण्याबरोबर वाहत आलेली बीजे पुष्कळदा आपणहून रुजतात. आपल्याकडे मात्र रोपांची संख्या जाहीर होते. पाच वर्षांनी किती जगली, हे कोणी विचारत नाही.

याचा अर्थ चंद्रपूरला झाडे नकोत असा नव्हे. कोळशाच्या खाणींनी भद्रावती तालुक्याची जमीन उलथून टाकली आहे. मातीचे कृत्रिम डोंगर उभे आहेत. येथे जंगल परत आणायलाच हवे. पण ते येथल्या गरजेपोटी, मुंबईच्या कर्जाची परतफेड म्हणून नव्हे. ते कसे राखावे, हे शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखाने दाखवले आहे. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेच्या हाती आला. ज्यांचे पोट जंगलावर, त्यांची राखणही त्यावर असते.

म्हणून मागणे साधे आहे. खाडीचे देणे खाडीतच फेडावे. चंद्रपुरात जे लावायचे ते मोह, तेंदू, चार, बांबू असे येथले असावे, ग्रामसभेला विचारून लावावे आणि दरवर्षी जगलेल्या झाडांची मोजणी गावासमोर वाचावी. एरवी खाडी उजाड होईल आणि चंद्रपुरात उरेल तो फक्त एक फलक, वनीकरणाचा!